हॉर्टन २२९ आणि "हिटलरचं स्टेल्थ विमान" : एका फॉरवर्डला उत्तर

उलव्याचं विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर विमानांचे मेसेज खूप वाढलेत, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: जर्मनीच्या हॉर्टन बंधूंनी दुसऱ्या महायुद्धात हॉर्टन २२९ हे जगातलं पहिलं स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणारं, विमान बनवलं, त्यात कोळशाची पूड घालून ते रडारपासून लपवलं, आणखी सहा महिने मिळाले असते तर युद्ध फिरलं असतं, आणि अमेरिकेने तेच उचलून आपला बी-२ हा स्टेल्थ बॉम्बर बनवला. काकांनी ग्रुपवर विचारलं "हे खरंय का रे?", म्हणून सविस्तर लिहितोय.

काका, विमान खरं आहे, फोटोही खरा आहे, बाकीचं बरंचसं नाही.

आधी कोळसा. ही गोष्ट त्या भावांपैकी रायमार हॉर्टनने सांगितली, पण कधी, तर १९८० च्या दशकात, युद्ध संपून जवळपास चाळीस वर्षं झाल्यावर. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे या विमानाचा व्ही-३ हा प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीसाठीचा तिसरा नमुना, आहे, त्यांनी त्याचं प्लायवूड तपासलं तर कोळशाचा पुरावा मिळाला नाही. आणि मुळात हे दोघे भाऊ १९३३ पासून बिनशेपटीची ग्लायडर बनवत होते, लाकडाचीच, तेव्हा रडारपासून लपायचा विचारही नव्हता! शेपूट आणि वेगळं धड काढून टाकलं की हवेचा विरोध कमी होतो, एवढाच हेतू. हिटलरच्या हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याची मागणीसुद्धा ताशी १००० किमी वेग, १००० किलो बॉम्ब आणि १००० किमी पल्ला अशी होती, त्यात रडारचा उल्लेख नाही.

आता रडारला दिसत नव्हतं म्हणतात ते. २००८ च्या सुमारास नॉर्थ्रॉप ग्रुमन या अमेरिकन विमान कंपनीने पूर्ण आकाराची प्रतिकृती बनवून कॅलिफोर्नियात खांबावर चढवून रडारने मोजली, आणि निष्कर्ष असा की ब्रिटनच्या युद्धकाळातल्या चेन होम रडारला मेसरश्मिट १०९ हे नेहमीचं जर्मन लढाऊ विमान जितक्या अंतरावर दिसलं असतं त्याच्या साधारण ८० टक्के अंतरावर हे दिसलं असतं. म्हणजे थोडं उशिरा दिसलं असतं, पण दिसलंच असतं. लोक इथे एक गणित विसरतात, रडारचा पल्ला परावर्तनाच्या चौथ्या मुळाने बदलतो, त्यामुळे पल्ला अर्धा करायचा तर परावर्तन सोळा पट कमी करावं लागतं, आणि इथे ते निम्म्याहून थोडंच जास्त घटलं होतं. त्यात चेन होमची तरंगलांबी दहा-पंधरा मीटर आणि या विमानाचा पंख सतरा मीटरच्या आत, एवढ्या लांब लहरीपुढे नाजूक वळणांचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय मधला सांगाडा स्टीलच्या नळ्यांचा आणि समोरून इंजिनांची तोंडं उघडी.

युद्ध फिरलं असतं वगैरे तर सोडाच. इंजिन बसवलेलं एकच विमान उडालं, व्ही-२ (त्या नावाचं रॉकेट नव्हे, याच विमानाचा दुसरा नमुना), फेब्रुवारी १९४५ मध्ये, आणि १८ फेब्रुवारीला एक इंजिन बंद पडून कोसळलं, त्यात एर्विन झिलर हा टेस्ट पायलट गेला. व्ही-३ अमेरिकन सैन्याला जर्मनीतल्या फ्रीडरिशरोडाला सापडलं तेव्हा अर्धवटच होतं.

आणि "कॉपी" या शब्दाचा मला खरंच राग येतो, कारण त्यात बी-२ बनवणाऱ्या नॉर्थ्रॉप कंपनीचा संस्थापक जॅक नॉर्थ्रॉप याचं आख्खं आयुष्य पुसलं जातं. त्याचं एन-१एम हे बिनशेपटीचं, नुसत्या पंखासारखं विमान १९४० मध्येच उडालं होतं, त्याच आकाराच्या एक्सबी-३५ बॉम्बरची ऑर्डर १९४१ ची, म्हणजे व्ही-३ हाती लागायच्या कितीतरी आधीची, आणि त्याचा पंख १७२ फूट, जो बी-२ चाही आहे. वायबी-४९ हे जेटवालं रूप १९४७ ला उडालं, १९४८ मध्ये त्यातलं एक पडलं आणि ग्लेन एडवर्ड्स हा पायलट गेला, अमेरिकेतल्या एडवर्ड्स एअर फोर्स बेसला त्याचंच नाव आहे. प्रोजेक्ट पुढे बंद झाला, पण १९८० मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, आजारी नॉर्थ्रॉपला बी-२ चं मॉडेल मुद्दाम दाखवलं गेलं.

स्टेल्थचं मूळ शोधायचंच असेल तर ते प्योत्र उफिम्त्सेव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाच्या १९६२ च्या गणितात आहे. कडांवरून लहरी कशा विखुरतात हे त्याने मांडलं, लॉकहीड या अमेरिकन विमान कंपनीच्या डेनिस ओव्हरहोल्सरने ते वाचून कॉम्प्युटर प्रोग्रॅम बनवला, आणि त्यातून १९७७ मध्ये हॅव ब्लू हे खरंखुरं स्टेल्थ विमान उडालं. ते पण प्रोटोटाइपच, काका, त्याच्यावर मेसेज आला तर मी सगळ्यात आधी फॉरवर्ड करेन.