50 लाखांचा आणा

खानापूरच्या आत्यांनी परवा तोच मेसेज तिसऱ्यांदा पाठवला. तुमच्याही फोनवर आला असेलच: राम-लक्ष्मण-सीता असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा 1818 सालचा एक आणा 50 लाखांना जातो, खरा असेल तर तांदूळ ओढतो, आणि रिझर्व्ह बँक तो विकत घेते, फक्त आधी नोंदणीचे पैसे भरायचे. आत्यांकडे असा आणा आहे, देव्हाऱ्यात, हळदीकुंकवासकट. म्हणून एवढं लिहायला बसलो.

सुरुवात सालापासूनच करू. 1818 च्या एप्रिलात कंपनीच्या थॉमस मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला. तेव्हा आपल्याकडच्या बाजारांत शिवराई, म्हणजे मराठ्यांचं तांब्याचं नाणं, चालत होती आणि कंपनीची नाणी इलाख्यागणिक वेगळी होती. बंगालचा चांदीचा रुपया मोगल बादशहा शाह आलमच्या नावानं, फारसीत पडायचा. मुंबईच्या तांब्याच्या नाण्यावर तराजू असायचा, खाली फारसीत 'अदल', म्हणजे न्याय. सगळ्या हिंदुस्थानात एकच नाणं आलं ते 1835 च्या कायद्यानं. त्यातही तांब्यात होते अर्धा आणा, पाव आणा आणि पै. अख्खा आणा आला तो एडवर्ड सातव्याच्या वेळी, निकेलच्या मिश्रधातूचा, नागमोडी कडेचा. मग 1818 चा 'वन आना' कुठल्या टाकसाळीत पडला?

'पण नाण्यावर राम कसा असेल हो, काहीतरी असणारच की,' असं आत्या म्हणतात. आहे ना! तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरच्या तिरुमलरायानं वराह नावाच्या सोन्याच्या नाण्यावर राम-सीता घेतले. अकबरानंही राम-सीतेचं नाणं पाडलं. शिवाय रामटंका म्हणून देवळातली पूजेची नाणी निघत. ती चलन नव्हती, भक्तीची वस्तू होती. त्याच चित्राखाली कुणीतरी कंपनीचं नाव नि जुनं साल घातलं आणि धंदा सुरू केला. श्रद्धेला धक्का न लावता एवढंच म्हणतो, देव खरा, नाणं खोटं.

तांदूळ ओढण्याचं सांगायला नकोच, पण सांगतो. तांबं, चांदी, सोनं यांना लोहचुंबक चिकटत नाही. नाण्याकडे तांदूळ धावत असेल तर तांदळात लोखंडाची पूड आहे नि नाण्यात चुंबक. बाकी काही नाही.

रिझर्व्ह बँकेनं 4 ऑगस्ट 2021 ला पत्रक काढून सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांची अशी खरेदी-विक्री ती करत नाही आणि त्यासाठी कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही. फोनवरचा गोड आवाज 'फाइल मंजूर झालीय काकू' म्हणाला की फोन ठेवायचा.

आत्यांचा आणा मी शहापुरात सराफाच्या काट्यावर नेला. वजनापेक्षा त्याची कड बोलकी निघाली. ओतीव नाण्याला सुईच्या टोकाएवढी भोकं असतात आणि दोन साच्यांच्या सांध्याची रेघ कडेवर राहते. ठशाखाली ठोकलेल्या नाण्यावर ही रेघ नसते, अक्षरांचे काठ तीक्ष्ण असतात. आत्यांच्या आण्याची अक्षरं साबण झिजल्यागत गोल, आणि रेघ नखाला लागत होती. तुमच्याकडे कंपनीचा 1835 पासूनचा किंवा राणीचा चांदीचा रुपया असेल तर त्याला काटा उपयोगी पडतो: 11.66 ग्रॅम. झिजून थोडा कमी भरेल, पण 10 ग्रॅमचा सहसा भरणार नाही.

आण्याबरोबरच रुमालाच्या गाठीत आणखी एक नाणं होतं, आत्यांनी 'ते असंच' म्हणून बाजूला ठेवलेलं. पाहिलं तर 1835 चा पाव आणा, कंपनीचा, अस्सल. फार दुर्मीळ नाही, पण त्याच्यावर जवळजवळ दोनशे वर्षांची तपकिरी झाक असायला हवी होती. आत्यांनी दिवाळीला ते चिंच नि राखेनं घासून आरशासारखं लख्ख केलं होतं.