400 भागिले 850 म्हणजे विमानप्रवासाचा वेळ नव्हे

सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर 400 किलोमीटर, विमानाचा स्पीड ताशी 850, म्हणजे 28 मिनिटांत पोचायला पाहिजे, पण तिकिटावर 1 तास 10 मिनिटं लिहितात, उरलेली 42 मिनिटं ही सरळ फसवणूक. वर पुरवणी, की पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचतं. लोक यावर विश्वास ठेवून कनेक्टिंग फ्लाइट काढतील आणि अडकतील, म्हणून लिहितोय.

आधी तो 850 चा आकडा. तो मोठ्या जेटचा, तोही खूप उंचावरचा. छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा पंख्याचं एटीआर 72 असतं, ते ताशी साधारण 500 ने जातं, तिथेच 28 ची 48 मिनिटं झाली. बरं, जेट असलं तरी काय? पायलट लोकांचा ठोकताळा आहे की दर हजार फूट उतरायला 3 नॉटिकल मैल धरायचे. 35 हजार फुटांवरून उतरायचं तर 105 नॉटिकल मैल, म्हणजे जवळपास 195 किलोमीटर, निम्मा प्रवास उतरण्यातच गेला, चढायलाही बरंच अंतर लागतं, मग फुल स्पीडने जायचं कधी? म्हणून एवढ्या जवळच्या प्रवासात जेट सहसा तेवढं वर जातच नाही. शिवाय बऱ्याच देशांत 10 हजार फुटांखाली 250 नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी 463 किलोमीटर.

आता ते 400 किलोमीटर. ते एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंतचं सरळ अंतर. विमान टेकऑफ घेताना वाऱ्याच्या समोर तोंड करून धावतं, त्यामुळे जायचंय पूर्वेला आणि वारा पश्चिमेचा असेल तर आधी उलटं उडून मग वळावं लागतं, आणि उतरतानाही रनवेच्या रेषेत बरंच लांबून यावं लागतं. हे किलोमीटर त्या मेसेजमध्ये कुठेच नाहीत.

आणि सगळ्यात मोठी चूक इथे आहे. तिकिटावरचा वेळ हवेतला नसतोच, तो ब्लॉक टाइम असतो, विमान पार्किंगमधून हललं तेव्हापासून दुसरीकडे जाऊन थांबेपर्यंतचा. लहान विमानतळांवर कित्येकदा रनवेला समांतर टॅक्सीवे, म्हणजे रनवेच्या टोकापर्यंत जायचा वेगळा रस्ता, नसतो, मग विमान रनवेवरूनच टोकापर्यंत जातं, तिथे वळतं आणि मग उडतं, आणि तेवढ्यात कोणी उतरत असेल तर आधी ते उतरेपर्यंत थांबा. मिनिटं अशी जातात.

पृथ्वीचं म्हणाल तर हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, विमान त्या हवेतच उडतं, त्यामुळे फायदा शून्य. फरक पडतो तो वाऱ्याने, आणि मध्यम अक्षांशांवर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वारा, पश्चिमेकडून येतो म्हणून लांबच्या प्रवासात उलट पश्चिमेला जायलाच जास्त वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र मान्य, कंपन्या वेळापत्रकात थोडा जादा वेळ धरतात. ठरल्या वेळेपेक्षा 15 मिनिटांपर्यंतचा उशीर बऱ्याच ठिकाणी वेळेवरच मोजतात, तरीही हाताशी थोडी मिनिटं ठेवणं त्यांच्या सोयीचं असतं. पण म्हणून अख्खी 42 मिनिटं फसवणूक? अजिबात नाही.

तेव्हा पुढची फ्लाइट काढताना ब्लॉक टाइमच धरा, दोन विमानतळ वेगळ्या टाइम झोनमध्ये असतील तर तो फरक आधी काढा कारण तिकिटावर स्थानिक वेळ असते, आणि बॅगेला लागणारा वेळ वेगळा मोजा.