कंपनी बुडाली म्हणजे धंदा बुडाला का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

रोबो व्हॅक्युमवाल्यांचा (म्हणजे घरभर आपोआप फिरून केर काढणारी मशीनं बनवणाऱ्यांचा) धंदा जोरात चाललाय असं मी लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की रूम्बा नावाचा रोबो बनवणाऱ्या आयरोबोट या अमेरिकन कंपनीनेच डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, युरोपच्या नियमवाल्यांनी ॲमेझॉन तिला विकत घेणार होती तो सौदा अडवून तिला मारलं, आणि चिनी कंपन्या म्हणजे कॉपी करून आयत्या बिळावर नागोबा. वर 'मग शेअर घ्यायचे का आता?' हा टोमणा.

सौद्याचं आधी घेऊ. ॲमेझॉनने १७० कोटी डॉलरला आयरोबोट घ्यायचं जाहीर केलं ऑगस्ट २०२२ मध्ये आणि ते फिसकटलं जानेवारी २०२४ मध्ये. आता विक्री बघा, २०२१ ला १५६ कोटी डॉलर आणि २०२२ लाच ११८ कोटी, म्हणजे घसरण सुरू झाली तेव्हा युरोपवाल्यांनी अजून काही अडवलंच नव्हतं. लटकलेल्या सौद्याने हाल वाढवले हे मान्य, त्यात २०२३ ला २० कोटी डॉलरचं कर्ज काढलं तेही नडलं, पण दुखणं आधीचंच होतं.

आणि कॉपी म्हणाल तर घरगुती रोबोवर फिरणारा लेझर बसवून खोलीचा नकाशा काढायचं काम २०१० मध्ये निॲटो या अमेरिकन कंपनीनेच केलं होतं. आयरोबोटच्या डोळ्यांसमोर होतं ते सगळं. तरी रूम्बा बरीच वर्षं सोफ्याला धडकायचा, जरा वळायचा, पुन्हा धडकायचा, २०१५ ला नकाशा आला तोही कॅमेऱ्यावर, आणि लेझर घ्यायला त्यांना थेट २०२५ उजाडलं. दरम्यान रोबोरॉक या चिनी कंपनीने २०१६ मध्ये शाओमीच्या नावाने पहिलं मशीन आणलं ते लेझर घेऊनच. तेव्हा चोरी वगैरे ठीक आहे हो, पण उघड्यावर पडलेली वस्तू मालकाच्या गल्लीतलाच माणूस उचलत नसेल तर काय म्हणायचं? (निॲटोही २०२३ मध्ये बंद पडली, म्हणजे नुसती आयडिया आधी सुचून पोट भरत नाही.)

खरी मेख माझ्या मते वेगळीच आहे. रोबो केर काढायचा आणि मग रोबोची सेवा आपण करायची, डबा रिकामा करा, ब्रशला गुंडाळलेले केस कात्रीने कापत बसा, फडकं धुवा. आपोआप डबा रिकामा करणारा स्टँड आयरोबोटने २०१८ ला आणला होता, चांगला होता, पण पुसायचं काम मात्र ब्रावा नावाच्या वेगळ्या मशीनकडे ठेवलं. झाडू-पोछा एकत्र करणारा रूम्बा आला २०२२ च्या शेवटी. तोवर एकोव्हॅक्स, रोबोरॉक, ड्रीमी या चिनी कंपन्यांची मशीनं केर काढून फरशीही पुसत होती, आणि पुढे तर स्टँडच फडकं धुवून गरम हवेने वाळवायला लागला, गालिचा आला की फडकं वर उचललं जायला लागलं. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते या उरलेल्या कटकटीतून सुटण्यासाठी, रोबोच्या हुशारीचं त्याला फार कौतुक नसतं.

अजून एक गंमत बघा, दुसऱ्यांना माल बनवून देणारेच इथे पुढे मालक झाले. एकोव्हॅक्सचे मालक १९९८ पासून दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी व्हॅक्युम क्लीनर बनवून द्यायचे. आणि आयरोबोट दिवाळखोरीतून कोणाकडे गेली? पिसिया, म्हणजे जी कंपनी तिला रूम्बा बनवून देत होती तीच! आयरोबोटचं ते कर्जही आधीच पिसियाने विकत घेऊन ठेवलं होतं.

राहिला शेअरचा प्रश्न, तर तो वेगळा आहे. रोबोरॉकचा शेअर फेब्रुवारी २०२० ला साधारण २७१ युआनला बाजारात आला, २०२१ ला हजारावर गेला आणि मग दणकून आपटला, मशीनं विकली जात असतानाही. २०२४ मध्ये तर विक्री वाढली आणि नफा उलट थोडा घटला, कारण हे सगळे एकमेकांचे भाव पाडायला बसलेत. त्यामुळे शेअर घ्या असं मी ना तेव्हा म्हटलं ना आता म्हणतोय.