परदेशातून : आधी पाणी मागावं

धर्मांतरबंदी कायद्याचा विषय निघाला की त्याची धग लंडनमध्ये माझ्या फोनपर्यंत येते. एका बाजूचं म्हणणं असं, की ख्रिस्ती माणूस अनोळखी माणसाशी गोड बोलायला लागला म्हणजे त्यामागे डाव असणारच. दुसरीकडे मुंबईच्या आमच्या चर्चच्या मंडळीतली वडीलधारी माणसं बजावतात, "लोकलमध्ये प्रभूचं नावसुद्धा काढू नका. कोण व्हिडिओ काढेल, सांगता येत नाही." त्यांची भीती खरी आहे. त्यांचा सल्ला मात्र मला पटत नाही.

मी राहते त्या देशात राजा हाच चर्चचा प्रमुख आणि वरिष्ठ सभागृहात 26 बिशप बसतात. तरी 2021च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 46.2 टक्केच निघाले, पहिल्यांदाच निम्म्यांहून कमी. श्रद्धेबद्दल बोलायला कायद्याची आडकाठी नाही. बोलायला सुरुवात कुठून करायची, हाच प्रश्न आहे. ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत, कुणाला कुणाची गरज पडत नाही. रस्ता फोन सांगतो, तिकीट यंत्र देतं, सामान ज्याचं तो उचलतो. या शिस्तीत सभ्यता आहे, ती मला आवडतेही. पण वर्षानुवर्षं एकाच फलाटावर उभी राहणारी माणसं एकमेकांचं नावही विचारत नाहीत, याचं वाईट वाटतं.

मुंबईत अनोळखी माणसावाचून पान हलत नाही. "कुठे उतरणार?" विचारल्याशिवाय बसायला जागा मिळत नाही. पर्स पुढे पास करायला, तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकायला, ठाणे आलं की उठवायला कुणीतरी लागतंच. महिलांच्या डब्यात तर मेथी निवडता निवडता सासूपासून शुगरपर्यंत सगळं निघतं. दसऱ्याला डबा सजतो, पूजा होते, प्रसाद सगळ्यांच्या हातावर पडतो, माझ्याही पडायचा. नाताळात आमच्या घरच्या करंज्या फिरायच्या आणि कुणीतरी विचारायचंच, "तुमच्यात पण करंज्या करतात? मग येशूचा उपास कधी असतो?" एवढ्या प्रश्नावर दादरपर्यंत बोलणं चालायचं. कुणाला त्यात डाव दिसला नाही, कारण तो नव्हताच.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशू शोमरोनी बाईला विहिरीवर भेटतो, तेव्हा त्याचं पहिलं वाक्य "मला प्यायला पाणी दे" असं आहे. तो थकलेला आहे आणि त्याच्याजवळ पोहरा नाही. ज्या समाजाशी यहूदी व्यवहारही ठेवत नसत, त्या समाजातल्या बाईकडे तो मागतो. आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची असेल तर ती अशीच द्यावी, असं मला फार मनापासून वाटतं. बरोबरीनं, शक्य तर मागणाऱ्याच्या जागेवरून. जो स्वतः मागतो आहे, तो समोरच्याला आमिष कसलं दाखवणार?

आपल्या मराठीतलंच उदाहरण घ्या. कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला जात असताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला. गप्पा सुरू झाल्या त्या संस्कृत काव्यावरून. उतरण्यापूर्वी त्यानं बायबलमधल्या नव्या कराराची प्रत हातात ठेवली. पुढे 1895 मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घर मोडलं, लक्ष्मीबाईंना काही वर्षं नवऱ्यापासून दूर काढावी लागली. ते दुःख आम्ही ख्रिस्ती लोकांनी कधी हलकं लेखू नये. पण डब्यातली ती भेट म्हणजे दोन वाचणाऱ्या माणसांच्या मोकळ्या गप्पा होत्या, त्यात फसवणूक कुठेही नव्हती.

कायद्याचंही नीट पाहावं. घटनेच्या 25व्या कलमात धर्माच्या प्रसाराचा हक्क आहे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची मर्यादा सांगितली: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगता येतील, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही. ख्रिस्ती म्हणून मला ही मर्यादा जाचत नाही. मन पालटणं माझ्या हातात आहे, असं मी मानतच नाही. 1967च्या ओडिशाच्या कायद्यात दैवी कोपाची धमकी ही बळजबरी धरली आहे. ती बळजबरी आहेच. नरकाची भीती घालून कुणाला प्रभूजवळ आणू पाहणाऱ्यानं आधी स्वतःला विचारावं, की आपण नक्की कुणाकडे बोलावतोय.

माझा आपल्याच लोकांशी वाद होतो तो परळला. कर्करोगाच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास देशभरातून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक फुटपाथवर दिवस काढतात. तिथे डबे घेऊन जाणारे पुष्कळ आहेत, सगळ्या धर्मांचे, आमचेही. तिथे आपण मागणारे नसतो, समोरचा असतो. आपल्या हातात डबा आणि त्याच्या हातात रिपोर्ट असताना "विश्वास ठेवा, बरे व्हाल" म्हणणं मला सहन होत नाही. असं वचन द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तिथे डबा द्यावा, केसपेपरच्या रांगेत उभं राहावं, हिंदी न कळणाऱ्या गावाकडच्या आजीला मराठीत सगळं सांगावं आणि गप्प राहावं. येशूचा शिष्य पेत्र यानंही आपल्या आशेबद्दल उत्तर द्यायला सांगितलंय ते विचारणाऱ्याला, आणि तेही सौम्यपणे. आजीनं आपणहून विचारलं, "बाई, तू कुठल्या देवाची?" तर मात्र लपवू नये. शेजारी बसून सांगावं, आणि तिच्या देवाबद्दल ती काय सांगते, तेही तितकंच ऐकावं.