फॉस्फेटने फेस येत नाही

दिल्लीत ओखला बंधाऱ्याखाली यमुनेवर येणाऱ्या फेसाचं खापर एका लेखात फॉस्फेटवर (सांडपाण्यातल्या एका क्षारावर) फोडलंय, ते पटलं नाही. फेस धरतात ते डिटर्जंटमधले, पाण्याचा पृष्ठताण (पृष्ठभागावरचा ताण) कमी करणारे घटक. फॉस्फेट पोसतं शेवाळ आणि जलपर्णी. ती कुजली की तिच्यातूनही फेसाळ द्रव्यं सुटतात, एवढाच त्याचा आडून हात. बंधाऱ्यावरून पाणी आदळतं, हवा मिसळते आणि फेस उठतो. पावसाळा सरला की प्रवाह रोडावतो, सांडपाणी मात्र तेवढंच. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात फेसाचे ढीग दिसतात.

आणि फेस दिसला की प्रदूषणच, असंही नाही. सह्याद्रीतल्या ओढ्यांवर पुरात येणारा तांबूस, मातकट वासाचा फेस बहुधा पालापाचोळ्याचा असतो. पांढराशुभ्र, साबणाच्या वासाचा, नाल्याच्या तोंडाशी दाट असेल तर सांडपाणी कुठून येतंय ते वरच्या अंगाला शोधा. फेसनाशक फवारून फक्त बुडबुडे फुटतात, डिटर्जंट पाण्यातच राहतो.