पुढच्या ब्रेकची भीती आणि एबीएसचा फ्यूज

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘बाइकवाल्यांनो सावधान! एबीएस म्हणजे कंपन्यांची लूट. गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. मुरलेला चालक त्याहून चांगला ब्रेक मारतो. पावसात पुढचा ब्रेक धरूच नका. लिव्हर थरथरली की ब्रेक सोडा. शहाणे असाल तर फ्यूज काढून टाका.’ खाली हात जोडलेले तीन इमोजी. (एबीएस म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम: जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी, म्हणजे ते फिरायचं थांबून घसरू न देणारी यंत्रणा.) यंदा तो वाचून आमच्या मजल्यावरच्या एका पोराने खरोखरच फ्यूज काढला, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी लुटीचं बघू. १ एप्रिल २०१८ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून त्या वर्गातल्या सगळ्याच नव्या गाड्यांना एबीएस नियमानेच बंधनकारक झालं. त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा. (त्याने चाक लॉक व्हायचं थांबत नाही, हे शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही.) कल्पनाही कालपरवाची नाही. १९५८ मध्ये इंग्लंडच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने विमानांसाठी बनलेलं डनलॉपचं मॅक्सारेट यंत्र चक्क रॉयल एनफील्डच्या सुपर मिटिऑरवर बसवून चाचण्या घेतल्या होत्या. ते विक्रीपर्यंत पोचलं नाही. इलेक्ट्रॉनिक एबीएस बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये के१०० वर आणलं.

अंतराच्या मुद्द्यात मात्र अर्धं खरं आहे, आणि सगळा मेसेज त्या अर्ध्यावरच तगून आहे. सुट्या खडीवर, वाळूत लॉक झालेलं चाक जमिनीत रुततं, पुढ्यात ढीग साचतो आणि गाडी लवकर थांबते. तिथे एबीएस खरंच आड येतं. म्हणूनच रॉयल एनफील्डच्या २०२० च्या हिमालयनला मागच्या चाकाचं एबीएस बंद करायचं बटण मिळालं. पण आपण मुलुंडहून परळला जातो, स्पितीला नाही. आपल्या वाटेत ओलं डांबर, पेव्हर ब्लॉक, झेब्राचे रंगवलेले पट्टे आणि पुलांवरचे सांधे. ओल्या डांबरावर घसरणाऱ्या रबराची पकड फिरणाऱ्या रबरापेक्षा कमी असते. शिवाय पुढचं चाक लॉक झालं की गाडी आडवीच होते. मग ती किती मीटरवर थांबली हे मोजायला कोण उरतो?

मुरलेला चालक पंप मारून, म्हणजे ब्रेक भराभर दाब-सोड करून, थांबवतो म्हणे. हाताने सेकंदाला दोन-तीनदा पंप होईल, आणि त्यातला अर्धा वेळ ब्रेक सुटलेलाच असतो. साठच्या वेगात एका सेकंदात सोळा मीटरपेक्षा जास्त अंतर जातं. एबीएसमध्ये डिस्कजवळ खाचा असलेली एक रिंग असते. सेन्सर त्या खाचा मोजत असतो. चाक बेतापेक्षा झपाट्याने मंदावलं, की झडप ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा चढवते. तोही दाब पूर्ण नाही सोडत, लागेल तेवढाच. रिक्षा अचानक आडवी घुसते तेव्हा वीस वर्षांचा अनुभवही मूठ आवळतोच. मी आवळली आहे.

आता पुढचा ब्रेक. ही भीती वडिलांकडून पोरांकडे आलेली, त्यामुळे चिवट. बेस्टच्या बसमध्ये उभं असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण सगळे कुठे जातो? पुढे. बाइकचंही तेच. वजन पुढच्या चाकावर येतं, फोर्क (पुढचा शॉक ॲब्सॉर्बर) दबतो, मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकावर जोर लावला की ते लगेच लॉक होतं आणि शेपूट डोलायला लागते. त्यात खरी गंमत अशी, की आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवर सिंगल चॅनल एबीएस असतं, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मेसेज ऐकून फक्त मागचा ब्रेक दाबणारा नेमकं एबीएस नसलेल्या चाकावर भरवसा टाकतोय. दोन्ही ब्रेक धरा. पुढची लिव्हर एकदम खेचू नका, लिंबू पिळतो तशी दाबत न्या.

लिव्हर थरथरणं म्हणजे झडपा काम करताहेत. सोडायची नाही, बस.

फ्यूज काढण्यामागे म्हणे पाणी शिरून ब्रेक जायची भीती. एबीएस बंद पडलं तरी साधा हायड्रॉलिक ब्रेक शाबूत राहतो, आणि मीटरवरचा पिवळा दिवा तसं सांगतो. फ्यूज काढून आपण तो बिघाड स्वतःच्या हाताने करतो. बऱ्याच गाड्यांत स्पीडोमीटरही त्याच सेन्सरवर चालतो. आमच्या मजल्यावरच्या त्या पोराचा काटा शून्यावर चिकटला होता आणि तो मीटर बदलायला निघाला होता!

एबीएसची जी खरी मर्यादा, तिच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. साध्या एबीएसला वळणात गाडी किती कललीय ते कळत नाही. त्यासाठी कलाचा सेन्सर लागतो. तसं एबीएस केटीएमने बॉशबरोबर २०१४ च्या ११९० ॲडव्हेंचरवर दिलं. आपल्या गाडीवर ते नसेल तर वेग वळणाआधीच उतरवायचा. गुळगुळीत टायरला तर कुठलंच एबीएस पुरत नाही.

रविवारी सकाळी फ्यूज परत बसवला. पिवळा दिवा गेटपर्यंत जळत राहिला, गाडीने जरा वेग घेताच विझला. भांडुपच्या एका औद्योगिक वसाहतीतला रिकामा, ओला रस्ता गाठला. तीसच्या वेगात पोराने दोन्ही ब्रेक दाबले. टर्रर्र आवाज झाला, गाडी सरळ रेषेत थांबली. तो बोटांकडे बघत राहिला.

“काका, लिव्हर खरंच उडते हो.”

“सोडली नाहीस ना?”

“नाही.”

“मग आता चाळीसने ये.”