नळी खिळ्याला, सर्टिफिकेट हातात

आज सकाळी जळगावात एका पीयूसी सेंटरवर पेट्रोल रिक्षा लागली. मागून निळसर धूर, रॉकेलचा वास पार रस्त्यापलीकडे. पोऱ्याने नंबरप्लेटचा फोटो काढला, कीबोर्ड बडवला. आणि मशीनची नळी? खिळ्याला लटकलेली! सायलेन्सरला शिवलीसुद्धा नाही. मिनिटात सर्टिफिकेट. टोकलं तर वर ऐकवतो, "पास झाली ना भो, तुमचं काय जातं?"

फुप्फुसं जातात आमची!

अरे, नळी सायलेन्सरच्या चांगली आत सरकवायची असते. नुसती तोंडाशी धरली तरी बाहेरची हवा मिसळून रीडिंग पडतं. इथे तर मशीन दुकानातली हवाच हुंगत होतं. स्क्रीनवर ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या घरात, कार्बन डायऑक्साइड जवळपास शून्य. चालू पेट्रोल इंजिनाच्या धुरात तो १२ ते १५ टक्के असतो. म्हणजे मशीन ओरडून सांगतंय की नळी बाहेर आहे, आणि हा प्रिंट काढतोय!

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं, गंधक ५० पीपीएमवरून १० वर आणलं. आणि आपण त्यात रॉकेल ओततो. ते पेट्रोलसारखं उडत नाही. अर्धवट जळतं, प्लगवर काजळी धरतं, पिस्टनच्या कडेने उतरून ऑइल पातळ करतं. लिटरमागे वाचवलेले पैसे इंजिन उघडताना दामदुपटीने जातात, तरी अक्कल येत नाही.

डिझेलवाले त्याहून वर. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला की डबा कापायचा, आतला गाभा काढायचा, वेल्डिंग मारायचं, सॉफ्टवेअर बदलून दिवा विझवायचा. काजळी थेट मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडात. तो फिल्टर तुंबतो कारण गावातल्या गावात फिरून एक्झॉस्ट तापत नाही; काजळी जळायला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. वेळीच भुसावळपर्यंत जरा चढ्या आरपीएमवर गाडी नेली असती तर बहुतेकदा वाटेतच साफ झाला असता!

सीएनजी घ्या म्हणतात. घेतली की लोकांनी! टाकी २०० बार दाबाची, पण पंपावरचं कॅस्केड, म्हणजे साठ्याच्या सिलिंडरांचा संच, रिकामं होत आलं की प्रेशर पडतं, रांगेत उभं राहून गॅस अर्धामुर्धा. मग पुन्हा पेट्रोलचं बटण.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत जळगावचं नाव आहे. आणि हवा मोजणार कोण, तर हा खिळा.

त्या रिक्षात मागे शाळेची पोरं बसली होती, चार दप्तरं बाहेर लोंबकळत. नळी आत घाला रे!